दान आणि सोंगटी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात सभामंडपात केलेले भाषण)



हे कीर्तन नाही, भाषण आहे, असं समितीच्या पोरांनी आम्हाला दोनदा बजावलं. म्हणून आज अभंग घेतलेला नाही. पाठीमागं टाळकरी उभे नसले की आम्हाला बोलायचं सुधरत नाही, तेवढं सांभाळून घ्या. शिक्षण आमचं चौथी. पाचवीची शाळा नदीपलीकडं होती आणि बैल नदीअलीकडं होते, त्यामुळं आम्ही बैलांकडं राहिलो.

विषय कोणता म्हणून पोरांनी विचारलं, तर आम्ही म्हणलं, सोंगट्या. पोरं हसली. बुवा म्हातारपणी खेळायला लागले म्हणाली. हसू द्या. तुकोबारायांची गाथा उघडून बघा. तिच्यात विटीदांडू आहे, चेंडूफळी आहे, टिपरी, फुगडी, हमामा आहे. आपल्या संतांना खेळाचं वावडं नव्हतं. आपण तरी काय, वाटंवर पालखी थांबली की ऐंशी वर्षांची म्हातारी फुगडी घालतेच की.

तर आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली, आणि सापशिडीच्या पटावर घरंही शंभरच असतात. त्या पटापासून सुरू करू.

सापशिडी ही दुकानात मिळणारी पोरांची वस्तू असं आपण समजतो. पण ती मूळची आपल्याकडची. तिचं नाव मोक्षपट. माउलींनी तो पट केला असं परंपरेनं सांगतात. निवृत्तिनाथ आणि माउली भिक्षेला जायचे, मागं सोपानदेव आणि मुक्ताई लहान. त्यांचा जीव रमावा आणि खेळता खेळता चार गोष्टी कळाव्या म्हणून हा पट, अशी गोष्ट आम्ही थोरांच्या तोंडून ऐकली. जैन लोकांत ह्याच जातीचा पट आहे, त्याला ज्ञानबाजी म्हणतात. उत्तरेकडं ज्ञान चौपड म्हणतात. पुढं इंग्रज तो विलायतेला घेऊन गेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला तिकडं तो छापला गेला, आणि छापता छापता आपला मोक्ष तिकडंच राहिला. जुन्या पटात घराघराला नाव असायचं. शिडीच्या पायाशी दया, भक्ती, सत्संग असलं काही, सापाच्या तोंडाशी लोभ, मद, क्रोध. वर वैकुंठ. आता घरात नुसते आकडे असतात. नव्याण्णवाला साप का आहे, ते पोराला कोणी सांगत नाही.

आम्ही हा मोक्षपट पुष्कळ वर्षं कीर्तनात दृष्टांत म्हणून सांगितला. लोकांना फार आवडायचा. साप कसा गिळतो ते आम्ही हातानं करून दाखवायचो, पुढं बसलेली पोरं दचकायची. आज सांगायचं आहे ते त्याच दृष्टांताबद्दल. त्यानं आमच्या हातून एक वाईट गोष्ट झाली.

२०१४ सालची गारपीट तुम्हा सगळ्यांच्या ध्यानात आहे. फेब्रुवारी-मार्चात किती तरी जिल्हे झोडपले गेले. गार कशी पडते ते शेतकऱ्याला सांगायला नको. ती पट्ट्यानं पडते. आमच्या ओढ्याच्या पलीकडं आमच्या धाकट्या भावाचं रान, अलीकडं आमचं. पलीकडं लिंबाएवढी गार पडली आणि अलीकडं नुसता पाऊस. आमचा गहू उभा राहिला. त्याची दोन एकर डाळिंब, फळाला आलेली, अर्ध्या तासात खराट्यासारखी झाली. सोसायटीचं कर्ज काढून लावली होती. कर्ज काढू नको, आपल्याला कांदा-गहू बरा, असं आम्ही त्याला म्हणलो होतो. त्यानं ऐकलं नव्हतं. हे मनात कुठं तरी होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बीज होती. तुकोबांच्या बीजेचं कीर्तन आमच्याकडं. भाऊ आमचा टाळकरी, पोरपणापासून पाठीमागं उभा राहायचा. त्या दिवशीही आला होता. रानात सडलेली डाळिंब टाकून आला होता. आणि आम्ही मोक्षपट काढला. लोभाच्या घरात पाय ठेवला की साप गिळतो, म्हणालो. थोडक्यात समाधान मानणारा वाचतो, म्हणालो. आणि बोलता बोलता मागं वळून त्याच्याकडं बघितलं.

मुद्दाम बघितलं का? पुष्कळ वर्षं आम्ही स्वतःला सांगत होतो की सहज मान वळली. सहज वळली नव्हती.

सभेनं ओळखलं. पुढच्या रांगेतले दोघं-तिघं हसले सुद्धा. भावानं अभंग संपेपर्यंत टाळ वाजवले. मग ते खांबाच्या पायथ्याशी ठेवले, विठ्ठलाच्या पाया पडला आणि निघून गेला. घरी आल्यावर आमच्या घरच्या मंडळी म्हणाल्या, "भाऊजींना गारांनी मारलं ते कमी होतं व्हय? तुम्ही परत भर देवळात मारलं." आम्ही म्हणलो, तुला कीर्तनातलं काय कळतं. ताट वाढून त्या आत गेल्या.

त्या आषाढीला भाऊ दिंडीत आला नाही. पुढच्याही नाही. वाटंवर समोर आला तर माथा टेकल्यासारखा करायचा आणि पुढं जायचा. बोलायचं बंद.

मधी एक सांगतो, म्हणजे पुढचं कळंल. आमच्या पिढीचा खरा खेळ सापशिडी नव्हे, सारीपाट. वेरूळच्या लेण्यात शंकर-पार्वती फासे खेळत बसलेले दगडात कोरलेत, इतका जुना खेळ. आमच्या आजीनं जुन्या लुगड्याचा काठ लावून कापडाचा पट शिवला होता. चार पट्टे, एका पट्ट्यावर तीन ओळी, ओळीत आठ घरं, म्हणजे चोवीस. चार पट्ट्यांची शहाण्णव. मधी मोठं घर. चार गडी, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, लाल, हिरव्या, पिवळ्या, काळ्या. समोरासमोर बसतील ते भिडू. फासे आम्हाला कुठले, आम्ही कवड्या टाकायचो. कवड्या किती उताण्या पडल्या त्यावर दान. हा 'दान' शब्द बघा. कवडी टाकणारा आपण, पण जे पडतं त्याला आपल्या लोकांनी दान म्हणलं. हे मिळवलेलं नाही, पदरात पडलेलं आहे, हे आपल्या भाषेलाच ठाऊक आहे. पाऊस हे दान. कुणाच्या पोटी जन्मलो हे दान. गार ओढ्याच्या कुठल्या बाजूला पडली, तेही दान.

पण पडलेल्या दानावर चारांतली कोणती सोंगटी हलवायची, हे खेळणाऱ्याचं. सापशिडीत तेवढंही नाही बरं का. तिथं एकच सोंगटी, जितकं पडलं तितकं चालायचं, साप आला तर आला. सारीपाटात मात्र डोकं लागतं. पुढची पळवायची की मागं एकटी पडलेली सोडवायची? दोन सोंगट्या एका घरात बसल्या की त्याला जुग म्हणतात. आमच्या गावच्या रीतीनं जुगाला कोणी मारत नाही. जुग फोडून एक पुढं काढली की मागची उघड्यावर पडते. ज्याला पुढं जायची घाई, तो जुग लवकर फोडतो. आम्ही घाईवाले. भाऊ सबुरीवाला. आम्ही दोघं कायम भिडू.

आणि अजून एक नेम आहे, तो ध्यानात ठेवा. ह्या खेळात एकट्याच्या चारी सोंगट्या घरात गेल्या म्हणजे डाव जिंकला असं नाही. भिडूच्याही गेल्या पाहिजेत. म्हणून एखादा जाणता गडी काय करतो, घराच्या तोंडाशी आलेली आपली शेवटची सोंगटी आत नेत नाही. तिला परत फेऱ्याला काढतो. पुन्हा सगळा पट फिरायचा, मार खायची भीती परत अंगावर घ्यायची, का तर भिडूची सोंगटी मागं अडकली आहे आणि तिच्या पाठीवर दुश्मन आहे. भाऊ आमच्यासाठी असं किती वेळा करायचा. लोणंदला मुक्कामात पाऊस लागला की तंबूत पट अंथरायचो. भावाच्या सोंगट्या घरापाशी, आमच्या कुठं तरी धूळ खात. तो न बोलता आपली सोंगटी बाहेर काढायचा. आम्ही त्याच्यासाठी कधी काढली? आठवत नाही. आम्ही मोठे होतो ना.

तंबूत पट अंथरायला आपल्या दिंडीत कधी हरकत नव्हती, पैसे लावायला मात्र होती. आमच्या लहानपणी एका मुक्कामाला पत्त्यात पैसे लावताना दोघं सापडले, तर तेव्हाच्या विणेकऱ्यांनी त्यांना दिंडीतून काढलं नाही. दोन दिवस पाण्याचे हंडे वाहायला लावले. ही शिक्षा आम्हाला फार आवडली. आता पोरांच्या हातात मोबाईल आहे. आपलीच पंचवीसी विलायतेला जाऊन लुडो होऊन परत आली आणि त्याच्यावर पोरं रात्रीतून पैसे हरतात. बापाच्या खिशात खताचे पैसे असतात. पांडवांनी राज्य घालवलं, निदान समोर शकुनी दिसत तरी होता. असो, त्यावर बोलायला लागलो तर पंगत थंड होईल.

२०२० साली वारी निघाली नाही. शंभर वर्षांच्या इतिहासात लिहून ठेवावी अशी गोष्ट. माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि आपण सगळे घरी. आषाढ महिन्यात पाय घरात ठेवणं किती अवघड असतं, ते इथं कोणाला सांगायला नको. सकाळी उठलं की पाय आपोआप उंबऱ्याकडं जायचे. कीर्तनं बंद. शाळा बंद. नातू आठ-नऊ वर्षांचा, दिवसभर घरात. त्याच्याकडं सापशिडी होती, पुठ्ठ्याची. त्याच्याशी खेळता खेळता आमच्यातला बुवा जागा झाला. म्हणलो, आण रे पेन. आणि सापाच्या तोंडातल्या प्रत्येक घरात आम्ही नाव लिहिलं. लोभ, मद, निंदा, आळस, क्रोध. शिडीपाशी दया, नाम, सत्संग. पोराला सगळं समजावून सांगितलं. हाच खरा माउलींचा पट, म्हणलो.

डाव सुरू झाला. पोरगं चांगलं सत्तरच्या पुढं गेलं होतं. चार पडले. एक, दोन, तीन, चार, आणि लोभ. साप थेट खालच्या ओळीत.

आम्ही बोट वर करून म्हणलो, "बघ, लोभ केला की काय होतं."

त्यानं आमच्याकडं बघितलं. रडवेला झाला होता. म्हणाला, "आबा, मी काय लोभ केला? चार पडले म्हणून आलो. तीन पडले असते तर वाचलो असतो. आणि पेन तर माझाच होता, तो मी तुम्हाला दिला."

मायबाप, आम्ही चाळीस वर्षं कीर्तन केलं. माना डोलावणारे लोक पुष्कळ भेटले. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. चार पडले म्हणून आलो. ओढ्याच्या पलीकडं रान होतं म्हणून डाळिंब गेली. गार अलीकडं पडली असती तर गहू गेला असता आणि डाळिंब राहिली असती, आणि बीजेच्या कीर्तनात मोक्षपटाचा दृष्टांत आम्हाला सुचलाच नसता. दुसरा कुठला तरी सुचला असता, देव सत्त्व बघतो म्हणून. आमच्या शिडीला आम्ही आमची भक्ती म्हणलं आणि भावाच्या सापाला त्याचा लोभ. दोन्हीकडं नुसतं दान होतं.

मग माउलींचा पट चुकीचा का? नाही. रात्रभर ह्याच्यावर विचार केला. सापाला नाव लिहिलंय ते ज्याची सोंगटी त्यानं वाचायचं. शेजाऱ्याची सोंगटी गिळल्यावर आपण मोठ्यानं वाचून दाखवायला नाही. आमच्या सोंगटीखाली तेव्हा कोणतं घर होतं, ते आम्ही वाचलंच नाही. निंदा होतं ते. मद होतं. आणि दुसरं असं, साप गिळला तरी सोंगटी पटावरून उचलून खिशात घालत नाहीत. ती खाली येते, पण पटावरच राहते. पुढच्या पाळीला तिचीही कवडी पडते. आम्ही मात्र भावाला पटावरूनच उठवलं होतं. सहा वर्षं.

आणि आमच्या वयाच्या मंडळींनी एक बघावं. शंभरात जायला नेमकं दान लागतं. सत्याण्णववर बसलेल्याला तीनच पाहिजेत. पाच पडले तर काही कामाचे नाहीत, दोन पडले तर नव्याण्णवाचा साप. आम्ही साठी ओलांडलेले सगळे आता तिथंच बसलो आहोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचा पट ट्रंकेतून काढला. काठ कुरतडला होता, पण घरं शाबूत होती. काळी एक सोंगटी हरवली होती, तिच्या जागी चिंचोका घेतला. ओढा ओलांडून भावाच्या ओट्यावर गेलो. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं होतं, तेव्हा सगळ्यांचंच असायचं. एका परीनं बरं झालं, अर्धं तोंड झाकलेलं होतं. भाऊ विळ्याला धार लावत होता. उठला नाही. आम्ही ओट्याच्या कडेला टेकलो. काय बोलावं, सुचेना. एरवी तीन तास न थांबता बोलणारे आम्ही.

शेवटी म्हणलो, "त्या बीजेला आम्ही चुकलो."

तो धार लावत राहिला. मग म्हणाला, "दादा, गारा पडल्या त्याचं मला काय नाय. त्या कुणाच्याबी रानात पडत्यात. लोभ म्हणलास, त्याचंबी नाय. कर्ज काढलं तव्हा लोभ व्हताच थोडा. पण तू मागं वळून बघितलंस. मी तुझ्या मागं टाळ घेऊन उभा व्हतो, दादा."

ह्याला उत्तर नव्हतं आणि आम्ही दिलं नाही. पट मात्र अंथरला. त्यानं बघितलं, आजीचा काठ ओळखला. विळा बाजूला ठेवला. त्याची दोन पोरं एका बाजूला, आम्ही दोघं समोरासमोर. पोरांना नीट खेळता येत नव्हतं, पण कवड्या त्यांच्या बाजूनं पडत होत्या. दुपार कलली तेव्हा आमच्या तीन सोंगट्या घरात होत्या आणि चौथी घराच्या तोंडाशी. भावाची एक पार मागं, एकटी, आणि पोरांच्या दोन तिच्या पाठीवर. आमचं दान पडलं. मोजलं. सोंगटी नेमकी घरात जात होती.

आम्ही ती उचलली आणि पुढच्या पट्ट्यावर ठेवली, फेऱ्याला.

भावाचं पोरगं म्हणालं, "आबा, चुकलं तुमचं, घर तिकडं आहे." भाऊ म्हणाला, "गप. मोजायला चुकत नाय तो." मग बराच वेळ पटाकडंच बघत राहिला आणि म्हणाला, "पहिल्यांदाच काढलीस."

तो डाव आम्ही हरलो. आमची सोंगटीही मेली आणि त्याचीही. पोरं नाचली.

वारी पुन्हा पायी सुरू झाली तेव्हा भाऊ आला, पण दिवे घाटापर्यंतच. गुडघ्यानं दगा दिला, परत पाठवावं लागलं. आता सामानाच्या गाडीबरोबर येतो आणि मुक्कामाला पुढं जाऊन तंबू लावून ठेवतो. आत्ता ह्या मंडपात मागच्या बाजूला आहे. नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही, म्हणून घेतलं नाही, आणि आज आम्ही तिकडं बघतही नाही.

पंगतीची हाक आली वाटतं. बोलण्यात काही जास्त-कमी झालं असंल तर पदरात घ्या.

रामकृष्ण हरी.